अंदमान, आई आणि ऑफ-सीझन

प्रत्येक ग्रुपची एक ट्रिप असते, जी कध्धीच होत नाही. तिच्यासाठी वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो, त्याला झक्कास नाव पडतं, डीपीवर निळाशार समुद्र झळकतो. आणि मग एकाचं अप्रेझल, दुसरीचं प्रॉडक्ट रिलीज, तिसऱ्याच्या चुलत बहिणीचं लग्न... शेवटी सगळे मिळून लोणावळ्याला जाऊन मिसळ खाऊन येतात. तुमच्याही फोनमध्ये असा एखादा ग्रुप म्यूट होऊन पडला असेलच.

माझ्या फोनमध्ये असे तीन आहेत. पण बेटावरची ट्रिप एकदा झाली. २०२३च्या मे महिन्यात, पावसाच्या अगदी तोंडावर. आणि बरोबर कोण होतं? आई!

आईची सदाशिव पेठेत मेस आहे. सतरा वर्षं झाली होती तेव्हा. दोन खोल्या, एक ओटा, तीस-पस्तीस मेंबर. रोज पहाटे साडेचारला उठायचं, कणीक तिंबायची, दुपारची पंगत, संध्याकाळची पंगत, रात्री भाजी निवडून ठेवायची. आठवड्यात सुट्टी फक्त रविवारी रात्री, आणि ती सुद्धा डाळी निवडण्यात जाते. मेस सलग बंद राहते ती मेच्या मध्यावर, पोरं गावाला गेली की. जेमतेम पंधरा दिवस.

त्या जानेवारीत एका मेंबरनं जेवता जेवता तिला भावाच्या हनिमूनचे फोटो दाखवले. आई पोळ्या वाढता वाढता थांबली. रात्री मला म्हणाली, "मनू, चारी बाजूंनी पाणी असलं की माणसाला झोप कशी लागत असेल गं?"

झालं. तेवढंच. आईनं सतरा वर्षांत काही मागितलं असेल तर ते एवढंच, आणि ते पण प्रश्न विचारून!

आता इथं थोडा फ्लॅशबॅक. त्याच्या दीड वर्ष आधी मी एका चॅनलची नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं होतं. मास कम्युनिकेशनची डिग्री, पाच वर्षांचा अनुभव, महिन्याच्या एक तारखेला पडणारा पगार... आणि एके दिवशी हे सगळं सोडून मी घरात लॅपटॉप उघडून बसले. आई भांडली नाही. नुसती गप्प झाली. पाहुण्यांनी विचारलं, "हल्ली काय करते मनू?" की ती म्हणायची, "घरीच असते." या दोन शब्दांनी जे लागायचं ना, ते बॉसच्या कुठल्याही मेलनं कधी लागलं नव्हतं.

म्हणून ठरवलं. आईला बेटावर न्यायचं. माझ्या पैशानं. पूर्ण.

पासपोर्ट नाही, पण आधार आहे

मालदीव, बाली, फुकेत वगैरे पहिल्या पाच मिनिटांतच बाद. आईकडे पासपोर्ट नाही. लक्षद्वीपला जायचं तर आधी परमिट काढावं लागतं, आणि आमच्याकडे दिवस मोजकेच. उरलं अंदमान. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील या ठिकाणी आपल्याला परमिट वगैरे काही लागत नाही. आधार कार्ड दाखवा आणि चला. (ही नावं आता बदलली आहेत. हॅवलॉकचं २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालं २०२४ मध्ये. आमच्या तिकिटावर मात्र पोर्ट ब्लेअरच होतं, म्हणून इथंही तेच लिहिते.)

घरात जाहीर केल्यावर कॉटवरून आजीचा आवाज आला, "अंदमानला? काय गुन्हा केला हिनं?"

मराठी घरात अंदमान म्हणजे बीच नव्हे, काळं पाणी! आमच्या आजीच्या पिढीला तर ते नाव 'माझी जन्मठेप'मधूनच माहीत. बाबा हसले. म्हणाले, "तुम्ही दोघी जा. मी थांबतो आईजवळ." आजी अंथरुणावर असल्यापासून आई-बाबा दोघं एकदम कुठं जाऊच शकले नव्हते. बाबांनी ते इतक्या सहज म्हटलं की त्यात त्यांचाही हात सुटत होता हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मग मी एका शनिवारी एफसी रोडवरच्या कॅफेत बसले आणि मोका पीत पीत प्लॅनिंग केलं. (ही मोका लक्षात ठेवा. पुढं परत येणार आहे.)

अंदमानचा सीझन साधारण डिसेंबर ते एप्रिल. तिथं वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. मेपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य मान्सून, आणि तो सरला की नोव्हेंबरच्या आसपास ईशान्येकडचा. म्हणजे कोरडे महिने थोडेच. आणि मे महिना? तो मधला. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. त्यामुळेच हॉटेलं निम्म्या दरात. मी खूश!

हवामान खात्यानं २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांप्रमाणे मान्सून अंदमानच्या समुद्रात साधारण २२ मेला येतो, केरळात १ जूनला, मुंबईत ११ जूनला. आईची मेस १४ मेच्या रविवारी बंद होणार होती. मी तिकिटं काढली १५ मेची, परतीची २० मेची. पुणे-चेन्नई-पोर्ट ब्लेअर, दोघींचं जाऊन-येऊन ३८,४०० रुपये. पावसाच्या बरोब्बर दोन दिवस आधी परत! काय टायमिंग आहे, बॉस! मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

सरासरी म्हणजे काय असतं, हे मास कम्युनिकेशनला शिकवत नाहीत.

आणि एक गोष्ट मी घरी सांगितली नाही. तिकिटं क्रेडिट कार्डावर काढली होती. माझे तीन ठिकाणचे मिळून ४१,००० रुपये यायचे होते. ते एप्रिलपर्यंत येतील असं मी धरून चालले होते. तेही सरासरीनंच.

कॉफीच्या नावाचं वादळ

मेच्या पहिल्या आठवड्यात बातम्या सुरू झाल्या. बंगालच्या उपसागरात आग्नेयेला काहीतरी शिजतंय. ८ मेला कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. कुठं? अंदमानच्या शेजारी. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हणून इशारा, बोटी आणि पर्यटन आवरतं घ्या असा सल्ला. आणि ११ मेला त्याचं चक्रीवादळ झालं. नाव काय? मोखा! स्पेलिंग तेच, कॉफीवालं. आपल्याकडच्या समुद्रातल्या वादळांना तेरा देश आळीपाळीनं नावं देतात. हे नाव येमेननं दिलेलं. लाल समुद्रावरच्या त्यांच्या जुन्या बंदराचं नाव, जिथून एके काळी जगभर कॉफी जायची.

ज्या कॉफीवर प्लॅन केला, तिच्याच नावाच्या वादळात तो बुडणार. याला म्हणतात नशीब.

माझी तंतरली. दर तासाला हवामान खात्याची साइट. निळ्या नकाशावर फिरणारी पांढरी भिंगरी बघून पोटात गोळा यायचा. तेव्हा मी जे वाचलं त्यात एक गोष्ट कळली, जी तिकीट काढायच्या आधी कळायला हवी होती. आपल्याकडची बहुतेक चक्रीवादळं भर पावसाळ्यात होत नाहीत. ती होतात त्याच्या आधी आणि नंतर. म्हणजे एप्रिल-मेमध्ये, आणि मग ऑक्टोबर ते डिसेंबर. उन्हाळाभर समुद्र तापलेला असतो. त्या गरम पाण्यातून वाफेचा पुरवठा होतो आणि तेच वादळाचं इंधन. जून ते सप्टेंबरमध्ये मान्सूनचे वारे वर एका दिशेनं आणि खाली दुसऱ्या दिशेनं इतके जोरात वाहतात, की वादळाचा खांब उभाच राहू शकत नाही. मेमध्ये हे वारे अजून आलेले नसतात, समुद्र मात्र चांगला तापलेला असतो.

थोडक्यात, 'पावसाच्या जरा आधी जाऊन येऊ' हा जो आपला हुशार फंडा आहे ना, तो नेमका वादळाच्या सीझनमध्ये जाऊन बसतो.

१२ मेला रात्री मी ओट्याशी उभी राहून म्हटलं, "आई, कॅन्सल करूया. पुढच्या वर्षी जाऊ."

आई उरलेल्या पोळ्या मोजत होती. "किती बुडतील?"

"विमानाचे बरेचसे. हॉटेलचे उद्यापर्यंत कळवलं तर वाचतील."

"आणि ते भरलेस कुठून?"

खोटं बोलता आलं असतं. पण आईसमोर हिशोबात खोटं बोलणं म्हणजे... ती तीस पोरांची कूपनं वही न उघडता सांगते. मी क्रेडिट कार्डाचं सांगितलं. यायच्या ४१,००० चंही सांगितलं. बिलाची तारीख २० मे, हेही सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज चिरकला. मला वाटलं, आता ते वाक्य येणार. 'नोकरी होती तेव्हा...'

आईनं हात पुसले. म्हणाली, "म्हणजे उधारी आहे."

"हो."

"मग तसं सांग ना. मला वाटलं, काम नाही तुला. उधारी म्हणजे काम झालेलं असतं."

दीड वर्षात फ्रीलान्सिंगची इतकी सरळ व्याख्या मला कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, दुपारच्या पंगतीची भाजी फोडणीला टाकून, ती माझ्या शेजारी येऊन बसली. "लाव फोन." मी म्हटलं, मेल करते. "मेल नको. फोन लाव. मेसची पोरं मेसेज केला की दिसलाच नाही म्हणतात." मी तिन्ही ठिकाणी फोन लावला. आई शेजारी शेंगा मोडत बसलेली. मी 'सॉरी टू डिस्टर्ब' म्हटलं की तिच्या भुवया वर. तिसऱ्या फोनपर्यंत मी सॉरी म्हणणं सोडलं होतं. दोन ठिकाणांहून दुसऱ्या आठवड्यात मिळून ३२,५०० आले. तिसरे साडेआठ हजार पार सप्टेंबरात. पण तो दिवस आणि आजचा दिवस, बिल पाठवताना मी शेवटची तारीख लिहिते आणि ती उलटली की फोन करते.

फोडणीची पोळी

जायचं की नाही, हा प्रश्न मात्र तसाच होता. नकाशात दिसत होतं की मोखा अंदमानपासून लांब, उत्तरेला सरकतंय. १४ मेच्या सुमारास ते म्यानमार-बांगलादेशच्या किनाऱ्यावर धडकणार होतं. म्हणजे आम्ही पोचू तेव्हा वादळ गेलेलं आणि मान्सून न आलेला. एक फट. पण फटच.

"समजा बोटीच बंद असल्या तर? समजा पाच दिवस पाऊसच पडला तर?" माझं टेन्शन काही संपेना.

आई म्हणाली, "अगं, मेसमध्ये मी रोज हेच करते. पस्तीस जण येतो म्हणतात, कधी बावीस येतात, कधी पाहुण्यांसकट चाळीस. किती येतील ते मला कळत नाही, कधीच कळलेलं नाही. पण पोळ्या उरल्या तर उद्या फोडणीची पोळी, आणि कमी पडल्या तर भात वाढवायचा, हे आदल्या रात्रीच ठरलेलं असतं. तू फक्त किती येतील तेच मोजत बसलीस."

मग रात्री साडेदहाला, डाळीच्या डब्याशेजारी लॅपटॉप ठेवून, आम्ही माझा प्लॅन मोडून परत बांधला.

माझ्या ओरिजिनल प्लॅनमध्ये शेवटची रात्र हॅवलॉकला होती आणि २० मेला सकाळच्या बोटीनं पोर्ट ब्लेअरला येऊन दुपारचं विमान पकडायचं होतं. आईनं विचारलं, "बोट नाही सुटली तर?" खल्लास! विमान गेलं. म्हणून शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला हलवल्या. तीन बेटांचा कार्यक्रम दोनवर आणला, नील काढून टाकलं. जेवढ्या बोटी जास्त, तेवढे बोट चुकायचे चान्स जास्त. जी हॉटेलं आयत्या वेळी रद्द करता येतात तीच ठेवली, जरा महाग पडली तरी. स्कूबाचे आगाऊ पैसे भरलेच नाहीत. समुद्र बघून ठरवू म्हटलं. आणि प्रत्येक दिवसापुढे एक कंस केला, त्यात लिहिलं, 'पाऊस पडला तर'. एका दिवसापुढे आईनं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'पाऊस पडला तर झोपायचं.'

कॅश जास्त घेतली, कारण बेटावर नेटवर्क गेलं की कार्ड आणि यूपीआय दोन्ही शोभेचे. बोट लागू नये म्हणून गोळ्या, त्या बोटीत बसायच्या आधी घ्यायच्या असतात, मळमळायला लागल्यावर नव्हे. आणि आईतर्फे आवळासुपारी, मेतकूट आणि दोन छत्र्या.

१४ मेला दुपारी मोखा म्यानमारमध्ये सितवेजवळ किनाऱ्यावर चढलं. राखाइन प्रांतात शंभराहून अधिक माणसं गेली. त्यातली कितीतरी छावण्यांमध्ये बांबूच्या झोपड्यांत राहणारी रोहिंग्या माणसं होती. टीव्हीवर ते बघताना आम्ही दोघी गप्प होतो. मी गेला आठवडाभर त्या वादळाकडे फक्त माझ्या तिकिटाच्या अंगानं बघत होते. बॅग भरता भरता आईनं टीव्ही बंद केला, आणि देवापाशी दिवा लावताना नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ उभी राहिली.

पावणेआठ

पोर्ट ब्लेअरला उतरलो तेव्हा आकाश करडं आणि हवा वाफाळलेली, जणू कुकरचं झाकण नुकतंच काढलंय. संध्याकाळी साडेपाचलाच सूर्य मावळला. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की दिवस लवकर उजाडतो आणि लवकर संपतो. पहाटे पाचला लख्ख उजेड. आई म्हणाली, "इथं मेस काढायला पाहिजे. उजेडात कणीक मळता येईल."

दुसऱ्या दिवशी हॅवलॉकची बोट सुटली, दोन तास उशिरा. समुद्र अजून शांत झाला नव्हता. गोळी घेऊनही माझी हालत खराब, आणि आई खिडकीला नाक लावून बसलेली, आवळासुपारी चघळत. "ते बघ! मधोमध आहे अगदी!" ती एकदम म्हणाली. मी मान वर केली. हिरवा ठिपका, आणि चारी बाजूंनी नुसतं पाणी. मी परत मान खाली घातली.

हॅवलॉकचे बीच नंबरानं ओळखले जातात. तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना सरकारनं इथं जंगल तोडून वसवलं, त्या वेळचे हे आकडे आहेत. सात नंबर म्हणजे राधानगर. 'टाइम' मासिकानं २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम म्हणून गौरवलेला. सूर्यास्तासाठी फेमस. आम्हाला सूर्य दिसलाच नाही. लाल झेंडा लावलेला, लाइफगार्ड शिट्टी मारून लोकांना मागं हटवतोय, आणि पाणी फोटोतल्यासारखं निळं नाही, तर शिशासारखं. मला आईसाठी वाईट वाटत होतं. मी म्हटलं, "जानेवारीत आलो असतो तर..."

"जानेवारीत तू एकटी आली असतीस," आई म्हणाली. पंजाबी ड्रेस घोट्याच्या वर धरून ती पाण्यात उभी होती. "मला मेमध्येच येता येतं. तर मेमधलाच समुद्र माझा."

स्कूबा झालं नाही. त्याऐवजी बाजारातल्या एका छोट्या हॉटेलात आई रमली. ते चालवणाऱ्या बंगाली काकूंचं आणि तिचं असं काही गूळपीठ जमलं, की विचारू नका. दोघींचं हिंदी सारखंच भन्नाट. थाळी कितीला देता, भात पुन्हा वाढता का, सिलेंडर किती दिवस जातो. सगळं जहाजातून येतं म्हणून टोमॅटोचा भाव ऐकून आईनं कपाळाला हात लावला. काकूंनी आलू पोस्तो खाऊ घातला, खसखशीतला बटाटा. आईनं जाऊन तो शिजवताना बघितला. काकू म्हणाल्या, पाऊस लागला, बोटी कमी झाल्या की गिऱ्हाईक नाही. तेव्हा आम्ही घराचं छप्पर नीट करतो आणि झोपतो. आई मला म्हणाली, "बघ, हिचाही ऑफ-सीझन आहे." तो शब्द तिनं कुठून उचलला, माझ्याकडूनच असणार.

त्या रात्री धो धो पाऊस आला. लाइट गेली. आमच्या खोलीवर पत्र्याचं छप्पर होतं, त्यावर असा आवाज की शेजारी बोललेलं ऐकू येईना. मी मेणबत्ती लावून उद्याची बोट सुटेल की नाही याचा विचार करत बसले. कधी तरी डोळा लागला.

पाचला उजाडलं तेव्हा जाग आली. शेजारी आई झोपलेली. मी हळूच बाहेर व्हरांड्यात येऊन बसले. सहा वाजले. साडेसहा. नारळांच्या झावळ्यांतून पाणी टपकत होतं. सात वाजता मी आत डोकावले. आईचं तोंड जरासं उघडं, एक हात पांघरुणाबाहेर. मला एकदम धास्ती वाटली. जवळ जाऊन श्वास चालू आहे ना, ते बघितलं!

साडेचारला उठणारी माझी आई त्या दिवशी पावणेआठला उठली. उठल्यावर घाबरून म्हणाली, "अगं बाई, कणीक!" मग आजूबाजूला बघितलं, आणि हसायला लागली.

चारी बाजूंनी पाणी असलं की झोप कशी लागते? अशी लागते.

आमचा पाऊस

१८ तारखेला दुपारची बोट मिळाली. संध्याकाळच्या फेरीचं काही खरं नाही, असं धक्क्यावर सगळे म्हणत होते. मी मनातल्या मनात त्या डाळीच्या डब्याला नमस्कार केला.

१९ मेला, 'पाऊस पडला तर' या कंसातली शेवटची गोष्ट बाकी होती. सेल्युलर जेल. पाऊस होताच. मधल्या मनोऱ्याभोवती सायकलच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या, आता तीन उरल्यात. एकीची पाठ दुसरीच्या तोंडाकडे, म्हणजे कुणालाच समोरच्याचं तोंड दिसू नये. साडेतेरा फूट बाय साडेसात फुटांची खोली, वर हात न पुरणारा एक झरोका. सावरकर १९११ ते १९२१ इथं होते, त्यांच्या कोठडीपाशी रांग होती. आईनं हात जोडले. मग बाजूच्या रिकाम्या कोठडीत शिरून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बाहेर आली ती म्हणाली, "समुद्र एवढा जवळ, आणि आत आवाज पण येत नाही." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाली, "एवढ्या माणसांचा स्वयंपाक कोण करत असेल?" तिथल्या गाइडला हा प्रश्न कुणी कधी विचारला नसावा. तो विचारात पडला.

त्याच दिवशी हवामान खात्यानं जाहीर केलं की मान्सून निकोबार बेटांवर आणि अंदमान समुद्राच्या दक्षिण भागात दाखल झालाय. नेहमीपेक्षा तीन दिवस आधी. म्हणजे माझा हिशोब चुकलाच होता! मी आईला बातमी दाखवली. ती छत्री बंद करून दोन मिनिटं तशीच पावसात उभी राहिली. रस्त्यातले लोक बघत होते. मी फोटो काढला. हलला तो, पण आहे माझ्याकडे.

आता मे आला की मैत्रिणी विचारतात, पावसाच्या आधी अंदमान करू का? मी त्यांना तारखा सांगत नाही. २०२५ मध्ये तर मान्सून १३ मेलाच निकोबारात शिरला होता, आणि २६ मेला मुंबईत पोचला होता. मी एवढंच सांगते, की शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवा, बोटी कमी ठेवा, आणि कंस करा.

आम्ही परतलो तेव्हा पुणं भाजत होतं. त्या वर्षी पावसानं सॉलिड वाट बघायला लावली. केरळात तो ८ जूनला आला, आणि मुंबईत पोचायला २५ जून उजाडला. मेस सुरू झाली होती. मेन्यूत दर गुरुवारी खसखशीतला बटाटा आला होता, पोरं त्याला 'अंदमान भाजी' म्हणायची. आणि कुणी पाहुण्यानं विचारलं की आई म्हणायची, "मनू? लिहिते ती. तिचं उधारीवर चालतं, माझ्यासारखंच."

पेठेत पहिली जोरदार सर आली तेव्हा दुपारची पंगत बसली होती. सगळी पोरं ताटं सोडून खिडकीकडे धावली. आई पोळी लाटत होती ती लाटतच राहिली.

"बघा बघा," ती म्हणाली. "मी बघून आलेय हा. महिन्यापूर्वीच."